धोंड्याच्या वाणातली उडी

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी म्हणालो, "गाडीवरून पडलो."

इतकं सहज खोटं मला जमेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी लगेच पेन उघडलं. "कुठं पडलात? रस्त्यावरचा अपघात म्हणजे पोलिसांना कळवावं लागेल."

"नको, नको. मी एकटाच घसरलो."

"एकटे असलात तरी कळवावं लागतं. कुठला रोड?"

भिगवण रोड म्हणावं की इंदापूर रोड, असा माझा विचार चालला होता, तेवढ्यात माझी बायको वैशाली पुढं आली.

"डॉक्टर, आमची गाडी जागेवर उभी आहे. हे उड्या मारत होते."

"उड्या?"

"ट्रॅम्पोलीनवर. हातात नारळ घेऊन."

सलाईन लावणाऱ्या सिस्टरनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सासरहून मिळालेली पांढरी टोपी अजून माझ्या डोक्यावर आहे, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांना खरं कळलं, पण तोवर उशीर झाला होता. येताना ऑफिसातल्या दिलीपला फोन करून मी हीच गाडीची गोष्ट सांगून ठेवली होती, आणि दिलीपला सांगितलेली गोष्ट बारामतीभर व्हायला फार वेळ लागत नाही. एक्स-रेच्या रांगेत होतो तोच आमच्या गल्लीतून फोन सुरू झाले. "हेल्मेट होतं ना?"

आता मी काठीशिवाय चालतो, म्हणून हे लिहायला बसलोय. ज्यांच्या घरामागं असलं काही उभं आहे आणि ज्यांना एका जागी पडून राहायची वेळ आली आहे, अशा दोघांसाठीही. हाडांचं, स्क्रूंचं तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो.

पयली उडी जावयाची

माझं सासर लासुर्ण्याचं. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, वाण द्यायचं. माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी बरंच आधी विचारलं होतं, "जावईबापू, औंदा काय घ्यायचं तुमाला?"

मोठेपणा दाखवायची संधी मी सहसा सोडत नाही. म्हणालो, "मला काही नको आबा. ओवीला द्या काहीतरी." ओवी आमची मुलगी, चौथीतली.

आबांनी शब्द धरून ठेवला. इंदापूरच्या बाजूला हायवेचं एक गार्डन हॉटेल बंद पडलं होतं, तिथलं पोरांचं ट्रॅम्पोलीन त्यांनी टेम्पोत घालून आणलं. आबा त्याला 'उडीचं जाळं' म्हणत. कडेच्या स्प्रिंगांवर जाड गादी असते, ती उन्हानं कुजून गेली होती. आबांनी खताची रिकामी पोती उसवून, दाभणानं शिवून असा झकास पट्टा कडेनं बसवला होता की मी स्वतः कौतुक केलं. भोवतीनं उंच जाळीही होती. पण औक्षणाचं ताट आत पोचेना, म्हणून सासूबाईंनी ती पडद्यासारखी वर गुंडाळून बांधली.

मी ठिबक सिंचनाच्या धंद्यात आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून सांगत असतो, आधी फिल्टर बसवा, मग मोटार चालू करा. तोच मी त्या दिवशी गुंडाळलेली जाळी बघत होतो आणि मनात येत होतं ते एवढंच, की फोटो चांगला येईल.

"वाण जावयाचं हाय," आबा म्हणाले. "पयली उडी जावयाचीच."

वैशाली म्हणाली, "अहो, जेवण तरी जिरू द्या."

थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, असा मी वर चढलो. पहिली उडी बेताची मारली. अंगणातल्या बायका हसल्या, म्हणून दुसरी मोठी मारली. तिसरीला मी हवेत असताना ओवी मागून वर आली. तिला राहवलं नाही. खाली येताना मला माझ्या पायांखाली तिचा केसांचा भांग दिसला. मी अंग वळवलं. पाय कडेच्या पट्ट्यावर पडला, पोतं फाटलं, पाय दोन स्प्रिंगांमधून खाली गेला आणि बाकीचा मी दुसऱ्या बाजूला गेलो.

उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. ओवीला खरचटलंसुद्धा नाही. नारळालाही काही झालं नाही.

अंगठा हलवा

"गुडघ्याच्या खालचं हाड आहे. चीर सांध्यात गेलीय," मोठे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले. "सूज उतरली की प्लेट टाकू. नंतर मी सांगेपर्यंत पाय टेकवायचा नाही. घाई केलीत तर जन्मभर लंगडाल."

घाई हाच माझा स्वभाव. जेवतानाही माझा एक पाय हलत असतो. नेमका तोच मोडला. सूज उतरायची वाट बघत पडून राहायचं म्हणजे काय, ते पडल्याशिवाय कळत नाही. पंख्याचं एक पातं जरा वाकडं होतं; ते मला सरळ करायचं होतं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कलतं होतं. ते वैशालीकडून मी चार वेळा सरळ करून घेतलं. पाचव्या वेळी तिनं ते काढून कपाटात ठेवलं.

दिवसाला आकार होता तो एका वाक्यानं. कुणी ना कुणी यायचं, पायाशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "अंगठा हलवा." सिस्टर, शिकाऊ डॉक्टर, मोठे डॉक्टर. अंगठा हलला की बरं म्हणायचे आणि जायचे. नाही हलला तर काय, हे मी कुणाला विचारलं नाही. पण अंगठा वर आला की वाटायचं, पास झालो. शौचाचं भांडं देणारे मामा पडदा ओढून मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभे राहायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर सुप्याचे एक म्हातारबा होते, मांडीचं हाड मोडलेले. ते रोज विचारायचे, "कंची गाडी हुती तुमची?" मी त्यांना एकदा स्कूटर सांगितली आणि एकदा बुलेट.

त्या बुलेटच्या वेळी ओवी दारात उभी होती. पहिल्यांदाच दवाखान्यात आली होती. शिकाऊ डॉक्टर माझा अंगठा बघत होते. सिस्टर म्हणाल्या, "ये ना बाळा, बाबांजवळ ये." ती आली नाही. माझ्या पायाकडं बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडं, आणि आजीचा हात ओढून निघून गेली.

आबा रोज लासुर्ण्याहून पहिल्या एसटीनं यायचे आणि खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसायचे. वैशाली त्यांच्याशी बोलत नव्हती, माझ्याशीही नव्हती. शाळेत शिकवून यायची, डबा उघडायची, मला भरवावं तसा समोर ठेवायची. एकदा मी म्हणालो, "मी खोटं बोललो ते आबांची लाज राहावी म्हणून."

"आबांची?" ती म्हणाली. "आबा तर तेव्हा डॉक्टरांसमोरच उभे होते. भाजी खा."

खिडकी

प्लेट टाकून झाली, अँब्युलन्समधून घरी आलो तर ते उडीचं जाळं आमच्या मागच्या अंगणात उभं. आबांनी टेम्पोतून पाठवून दिलं होतं. जावयाचं वाण सासऱ्याच्या दारात ठेवायचं नसतं. गल्लीतल्या पोरांनी हौसेनं जोडलंही होतं, घराच्या भिंतीला चिकटून, फरशीवर. जाळीचे खांब जोडायचा त्यांना कंटाळा आला होता. पोत्यांचा पट्टा फाटला होता तिथं कुणीतरी आणखी एक पोतं टाकलं होतं.

आणि माझी खाट मागच्या खोलीत, खिडकीला लागून. हवा यावी म्हणून.

ऊन उतरलं की पोरं यायची. चार-चार, पाच-पाच एकदम चढायची. स्प्रिंगांचा कुईकुई आवाज आणि "आता माझा नंबर, आता माझा नंबर." माझा सगळा जीव त्या आवाजात. मी उशी वर घ्यायचो, खाली घ्यायचो, वॉकरकडं बघायचो. वैशालीला म्हणायचो, "त्यांना हाकल ना."

"काय सांगून हाकलू? त्यांच्या घरच्यांना वाटतंय तुम्ही गाडीवरून पडलात. खेळणं दारात ठेवून पोरांना हाकलते म्हणतील."

"मग सांग काहीतरी."

"काहीतरी तुम्हीच सांगितलंय. आता तुम्हीच निस्तरा."

ओवी चढत नव्हती. नळाजवळ उभी राहायची, हात मागं बांधून. एका संध्याकाळी मला तिचा आवाज ऐकू आला. "एकेकानं चढा ना."

"का पण?" हा सोहम. आठवीतला, गल्लीतला सगळ्यांत दांडगा.

"पाय मोडतो."

"कुणाचा मोडला?"

ओवीनं खिडकीकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत होतो.

"तुझे बाबा तर गाडीवरून पडले," सोहम म्हणाला आणि सगळे पुन्हा उड्या मारायला लागले. ओवी आत आली, माठातलं पाणी प्यायली आणि माझ्या खाटेजवळून मान खाली घालून निघून गेली. मी चादर सारखी करत बसलो. चादर सारखीच होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली परी आली. अजून बालवाडीत जाते. सोहमनं तिला काखेत धरून वर ठेवलं. तीन मोठी पोरं उड्या मारतायत आणि मधे ही, उकळत्या पाण्यातल्या शेंगदाण्यासारखी, कुठल्या कुठं जातेय. हसत होती. मग सोहम जोरात आपटला आणि ती उडाली ती थेट कडेला. पोत्यावर बसली आणि एक पाय मांडीपर्यंत आत गेला. माझा पाय गेला होता तिथंच.

मी खिडकीचे गज धरून ओरडलो. "उतरा! सगळे खाली उतरा! मी गाडीवरून पडलो नाही! याच्यावरूनच पडलोय मी!"

एवढा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या काकू हातातली कुरडई धरून तशाच उभ्या राहिल्या. मी थांबेना. "नारळ घेऊन उड्या मारत होतो! टोपी घालून! पाय त्याच भोकात गेला! सोहम, तिला ओढू नको, आधी दुसऱ्यांना उतरव!"

ओवी मात्र आधीच पोचली होती. परीच्या काखेत हात घालून तिला धरून ठेवलं होतं, हलू देत नव्हती. वैशाली कणकेच्या हातांनी धावत गेली, स्प्रिंगा फाकवल्या, पाय सरळ वर काढला. मांडीला एक लांब ओरखडा. परीला रडू आलं ते चप्पल आत पडली म्हणून.

इकडं मी वॉकरशिवाय खाटेच्या कडेला आलो होतो. मोडका पाय जमिनीपासून बोटभर वर. तो टेकवला नाही, एवढी अक्कल कशी राहिली कोण जाणे.

दोघांत मोठा

गल्ली घरी गेली. वैशालीनं मला पुन्हा उताणं केलं, पायाखाली उशी दिली आणि परीच्या घरी गेली. ओवी दारात आली. आत येईना, बाहेर जाईना.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ना? मी मधेच चढले म्हणून. मला कुणी बोलू नये म्हणून."

हो म्हणायचा फार मोह झाला. पोरीनं मला इतकं चांगलं कारण आयतं आणून दिलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "लोक हसतील म्हणून बोललो."

"पण मी चढले नसते तर…"

"तू चढलीस हे खरंय. एका वेळी एकानंच चढायचं असतं. पण ते तुला कुणी सांगितलं होतं का? जाळी वर बांधलेली मी बघितली होती. पोत्यांच्या खाली काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही. आणि आपल्या दोघांत मोठा मी होतो."

ती हळूहळू आत आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"अंगठा हलवा," ती म्हणाली.

मी हलवला. दवाखान्यात मी इतक्यांदा हलवला होता, पण बरं वाटलं ते त्या दिवशी.

नवी जाळी

परीच्या घरून येताच वैशालीनं फोन लावला. "आबा, तुमचं वाण उलटं करून ठेवलंय. परीचा पाय गेला होता आत."

आबा सकाळी हजर. मागच्या दारी जाऊन फाटलेली पोती बघितली, मग माझ्याजवळ येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या दारात जावयाचा पाय मोडला. आता जावयाच्या दारात दुसऱ्याच्या लेकराचा मोडला असता. ती पोती म्याच शिवली न्हवं?"

"तुम्ही शिवली, मी कौतुक केलं," मी म्हणालो.

"भंगारात घालतो."

ओवी दारातून म्हणाली, "नको ना आबा."

पाय दाखवायला गेलो तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ते घरी ठेवावं का. ते म्हणाले, "मला विचाराल तर नकोच. ठेवायचंच असेल तर नीट ठेवा," आणि पायाचं राहिलं बाजूला, याच्यावरच बोलत बसले. सहा वर्षांखालचं मूल चढवायचं नाही. एका वेळी एकच. कोलांटी नाही, मानेवर पडलं तर प्लेट टाकून भागत नाही. मोठं माणूस जवळ उभं पाहिजे, आणि उभं म्हणजे मोबाइलमध्ये बघत नव्हे.

मग पडल्यापडल्या माझी कारागिरी जागी झाली. वैशालीला म्हणालो, "गोडाऊनला ठिबकच्या जुन्या नळ्या पडल्यात. उभ्या चिरून स्प्रिंगांवर बसवल्या तर…"

"पोत्यांनी पाय मोडला," ती म्हणाली, "आता नळ्यांनी मान मोडा."

त्याच मापाची गादी आणि जाळी मागवली. ती येईपर्यंत आबांनी ट्रॅम्पोलीन उभं करून शेवग्याला साखळदंडानं बांधून ठेवलं, बैल बांधावा तसं. सामान आल्यावर ते भिंतीपासून, झाडापासून, नळापासून लांब, हिरवळीवर सपाट जागा बघून मांडलं. आबांनी एकेक स्प्रिंग हातानं ओढून बघितली, दोन गंजलेल्या निघाल्या त्या बदलल्या. जाळीच्या दाराला झिपची चेन होती. चेन लावल्याशिवाय उडी नाही. शिडी स्वयंपाकघरात दाराच्या मागं टांगली, म्हणजे आम्हाला विचारल्याशिवाय कुणी चढणार नाही.

परीला अजून चढू देत नाही, वय बसत नाही. त्यावरून ती इतकी रडली की ओवीनं तिला शिट्टी दिली. शिट्टी वाजली की नंबर संपला. सोहमसुद्धा तिच्या शिट्टीला उतरतो.

मी वॉकरवरून काठीवर आलो. मधे एकदा सुप्याचे म्हातारबा भेटले, दवाखान्याच्याच बाकड्यावर. "काय, बुलेट इकली का न्हाय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ओवी म्हणाली, "बुलेट नव्हती आजोबा. बाबा ट्रॅम्पोलीनवरून पडले. हातात नारळ होता."

म्हातारबांनी माझ्याकडं बघितलं, नारळाची काय भानगड ते सगळं विचारून घेतलं आणि इतके हसले की त्यांना मांडी धरावी लागली. मीही हसलो. लोक हसले की काय होतं, ते एकदा बघून घेतलं. काही होत नाही.

ज्या दिवशी पाय टेकवला

"आता पूर्ण भार द्या," असं डॉक्टर म्हणाले त्या संध्याकाळी मी काठी दाराशी ठेवून मागच्या अंगणात गेलो. नवीन गादी, ताणून बसवलेली जाळी, हिरवळ. बरोबर मध्यावर ओवी एकटीच उड्या मारत होती, वेण्या वर, वेण्या खाली. परी खाली शिट्टी तोंडात धरून उभी. आबा खुर्चीवर, राखण करत.

किती महिने मी नुसता आवाज ऐकत पडलो होतो. पाय आपोआप हलायला लागला, जुनी सवय. वैशाली शेजारी येऊन उभी राहिली. म्हणालो, "उडी नाही मारणार. नुसतं मधे उभं राहून बघू का? एकदाच. डॉक्टरांनी भार द्या म्हटलंय."

ती आत गेली. देवघरात तेव्हापासून ठेवलेला तो नारळ पायरीवर फोडल्याचा आवाज आला. आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा झाला होता. तिनं परीला एक तुकडा दिला, आबांना दिला. मग सर्वांत मोठा माझ्या हातात ठेवला, आबांना खुर्चीवरून उठवलं आणि ती खुर्ची माझ्या मागं आणून टेकवली.

"खा," ती म्हणाली. "तुमचा नंबर होऊन गेलाय."